एका डोळ्यात दिसणारा ताड

चौतीस नंबरच्या जागेतला ताड हलत होता.

विमानातून काढलेल्या फोटोतलं झाड कधी हलत नसतं. फोटोवालीने भिंगांवरून डोळे काढले, चोळले आणि पुन्हा वाकून बघितलं. बाकीचं जंगल आपापल्या जागी होतं. मोठ्या झाडांचे माथे फुगून वर आलेले, लहान झाडं त्यांच्या खांद्याशी, मधल्या फटींत दाट काळोख. त्यात तो चांदणीच्या आकाराचा ताड तेवढा दिसत होता, विरत होता, पुन्हा दिसत होता.

तिने डावा डोळा मिटला. ताड गेला. डावा उघडून उजवा मिटला. ताड आला.

ऑफिसात तिला सगळे फोटोवालीच म्हणत, कारण चार वर्षं ती हेच करत होती. विमान पुढे सरकत सरकत फोटो काढतं, त्यामुळे जंगलाचा प्रत्येक तुकडा दोन फोटोंत येतो, थोड्या वेगळ्या कोनातून. ते दोन शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपच्या दोन भिंगांतून बघितले, की डावा डोळा एक बघतो, उजवा दुसरा, आणि सपाट कागदातून जंगल उठून उभं राहतं. मग झाडं मोजायची, माथ्यांची रुंदी मोजायची, उंची काढायची. जे खरं आहे ते दोन्ही फोटोंत असतं. जे एकाच फोटोत आहे ते जंगलात नसतं.

डाव्या बाजूचा फोटो तिने खिडकीशी नेला. हातातल्या भिंगाखाली ताडाच्या झावळ्या म्हणजे एका कणाला चिकटलेले चार-पाच बारीक तंतू निघाले. छापताना निगेटिव्हवर धूळ बसली होती. चूक तिचीच. गेल्या वर्षी या जागेचं काम करताना जोडीतला दुसरा फोटो प्रती काढायला गेला होता, साहेबांना घाई होती, आणि तिने एकाच फोटोवर भागवलं होतं. फोटोवरच्या पारदर्शक कागदावर तिने लिहिलं होतं, 'ताड, एक.' सावली सापडली नव्हती म्हणून उंचीचा रकाना कोरा सोडला होता.

खोडरबराने पुसून टाकावी एवढीशी चूक. तिने रबर उचललंही. मग सवयीने त्याच जागेचा दुसरा कागद काढला, प्रत्यक्ष जंगलात जाऊन मोजणाऱ्याने भरलेला. सरळ, सुवाच्य अक्षरात तिथे लिहिलं होतं, 'ताड, एक. उंची चौदा मीटर.'

धुळीच्या कणाची उंची चौदा मीटर.

अक्षर मामाचं होतं.

मामा म्हणजे तिचा सख्खा मामा, आणि सगळ्या ऑफिसचाही मामाच. तीस वर्षं जंगलं तुडवलेला मोजणीदार. बीएस्सी होऊन टायपिंगच्या टेबलावर अडकलेल्या भाचीला फोटोंच्या टेबलावर आणा, हे साहेबांच्या कानावर घालणाराही तोच. घरी ती त्याला 'मामा, तू' म्हणे, ऑफिसात 'मामा, तुम्ही'. तोही घरी 'पोरी' म्हणे आणि ऑफिसात 'बाई', आणि 'बाई' म्हणताना मिशीत हसे.

काम दोघांनी मिळून केलं होतं. जंगलात चाळीस जागा ठरवल्या होत्या. ती त्या वरून मोजायची, मामा खालून. दोघांचे आकडे जुळवून एक तक्ता तयार झाला होता. फोटोत माथा इतका रुंद, झाड इतकं उंच, तर लाकूड किती. सोमवारी दोघांच्या सह्या होऊन तो वर जायचा होता. त्यानंतर उत्तरेकडच्या अख्ख्या जंगलात कुणीही पाऊल न टाकता, नुसते फोटो बघून, कुठला भाग विरळ म्हणून तोडायचा आणि कुठला दाट म्हणून राखायचा हे ठरणार होतं. साहेब त्याला 'बाईंचा तक्ता' म्हणत. त्याची ख्याती अशी, की चाळीस जागांत बाईंची झाडं आणि जमिनीवरची झाडं यांत एका-दोनापलीकडे फरक नाही. हे ऐकायला तिलाही आवडायचं. आता तेच तिला खुपायला लागलं.

शुक्रवारी तिने चाळीसही कागद टेबलावर ओळीने मांडले. शेजारच्या टेबलावरच्या नकाशेवालीने पेन थांबवून बघितलं.

"काय गं, पेपर तपासायला घेतलेस? किती नापास?"

"बघतेय."

"कॉपी सापडली तर मला हाक मार. मला भारी हौस आहे पकडायची."

पहिल्या अठ्ठावीस कागदांवर जंगल दिसत होतं. ओल लागून फुगलेले कोपरे, पसरलेली पेन्सिल, एकावर तर चिखलाचा अख्खा अंगठा. एकोणतिसावा कागद मात्र इस्त्री केल्यासारखा. पुढचे सगळे तसेच. मग तिने माथ्यांच्या रुंदीचे दोघांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. खालून टेप लावून मोजलेला माथा वरून मोजलेल्यापेक्षा थोडा जास्तच भरतो, कारण कडेच्या फांद्या शेजारच्या झाडाखाली घुसलेल्या असतात, त्या विमानाला दिसत नाहीत. पहिल्या अठ्ठावीस जागांत हा फरक होता. एकोणतिसाव्यापासून अठरा म्हणजे अठरा आणि एकवीस म्हणजे एकवीस.

इतका नेमका आकडा टेपमधून येत नाही. तो दुसऱ्या कागदावरून येतो.

आणि तो दुसरा कागद, म्हणजे तिचाच, मामाकडे कसा गेला, हेही तिला ठाऊक होतं. नियम असा, की जंगलात जाणाऱ्याला फक्त फोटो द्यायचा, त्यावर जागेच्या मधोमध टाचणीने पाडलेलं एक भोक, बस. तिच्या आकड्यांचा पारदर्शक कागद कपाटात राहायचा. पण मामा पाकीट न्यायला यायचा, "आता कुठे क्लिपा काढत बसता बाई, राहू द्या तसंच," म्हणायचा, आणि ती राहू द्यायची. मामाच तो.

"साहेब काल म्हणत होते, मामा-भाचीसारखी जोडी होणे नाही," नकाशेवाली रेघ ओढता ओढता म्हणाली. "मी म्हटलं, एवढं कसं काय जुळतं बुवा? मामाने आपल्यालाच मामा बनवलं नाही म्हणजे मिळवली!"

एरवी ती हसली असती. आज तिने मान वर करून नकाशेवालीकडे नीट बघितलं. हिला काही माहीत आहे का? की नुसतीच जीभ? नकाशेवाली पेनात शाई भरत होती. चेहऱ्यावरून काही थांग लागेना. एकदा मनात पाल चुकचुकली की प्रत्येक माणूस काहीतरी दडवून बसल्यासारखा दिसतो, तसं तिचं झालं होतं.

संध्याकाळी तिने मामीला फोन केला. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाली, "मामा गेल्या आठवड्यात आला ना जंगलातून? दमला असेल."

"दमतायत कसले! उलट हल्ली टापटीप आलीय. पूर्वी हे आले की कपड्यांतून बादलीभर चिखल निघायचा, घासून घासून माझे हात मोडायचे. आता शर्टाची घडीसुद्धा मोडलेली नसते. म्हटलं, म्हातारपणी का होईना, सुधारले."

रविवारी दुपारी ती चौतीस नंबरचे दोन फोटो आणि खिशात मावणारा छोटा स्टिरिओस्कोप पर्समध्ये घालून मामाकडे गेली. पुढच्या खोलीत खिडकीशी लोखंडी खाट, खाटेवर मामा पाय लांब करून, उजव्या गुडघ्याखाली उशी.

"ये पोरी. सही उद्या आहे, आज कशी वाट चुकलीस?"

"गुडघ्याला काय झालं तुमच्या?"

'तुमच्या' म्हणून गेली आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. मामी चहाचे कप घेऊन आतून येत होती, ती दारातच थांबली.

"अगं बाई, घरात 'तुम्ही'? भांडलात की काय दोघं?"

मामाने भाचीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पाय जरा आखडता घेतला. "जुनं दुखणं आहे. बस."

तिने कप हातात घेतला, पण प्यायली नाही. "चौतीस नंबर आठवतो का?"

"न आठवायला काय झालं? ओढ्याच्या वरच्या अंगाला."

"तिथला ताड?"

"होता की. जरासा कललेला." मामाने चहाचा घोट घेतला. "शेंड्याला घरटं होतं बघ. घारीचं असावं."

नुसतं 'होता' म्हणाला असता तर तिने कदाचित मनाची समजूत घातली असती, दुसऱ्या जागेतला ताड चुकून इथे लिहिला असेल म्हणून. पण घार त्याने तिच्या डोळ्यांदेखत आणून बसवली होती.

तिने खिडकीच्या कठड्यावर फोटो मांडले, त्यांवर स्टिरिओस्कोप ठेवला.

"ते मला नको," मामा म्हणाला. "दोन डोळ्यांनी त्यात बघितलं की गरगरतं मला. तुला माहीत आहे."

"एका वेळी एकच डोळा. नाही गरगरणार."

तो खाटेवरच सरकून वाकला.

"उजवा मिटा. भोकाच्या जरा खाली. ताड दिसतो?"

"दिसतो ना. हा काय."

"आता उजवा उघडा आणि डावा मिटा."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मामा वाकलेलाच राहिला.

"दिसतो?"

"नाही." त्याने मान वर केली नाही. "हे कसं काय?"

"धूळ आहे ती, मामा. माझी चूक. माझ्या चुकीवर घारीने घरटं बांधलं."

मामी कप गोळा करायला पुढे आली होती, ती तशीच उभी राहिली. मामा सावकाश मागे टेकला. आता चिडेल, असं तिला वाटत होतं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"एकोणतीसपासून नाही गेलो," तो म्हणाला. "अठ्ठावीसच्या उतारावर पडलो. गुडघा हा एवढा झाला. विश्रामगृहात बसून होतो, तुझा कागद समोर. म्हटलं, अठ्ठावीस वेळा पोरगी बरोबर आली, एकोणतिसाव्या वेळी काय चुकणार? मग तिसाव्या वेळीही तेच म्हटलं."

"चुकले ना पण."

"एका ताडाने."

"मामा, माझ्यावर संशय घेणं हेच तुमचं काम होतं. त्याशिवाय तुम्हाला जंगलात पाठवायचं कशाला?"

तिने मनातल्या मनात हिशेब केला. बारा जागा गेल्या. बारा पुन्हा मोजता येतील. "अठ्ठावीस तरी खऱ्या आहेत," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

मामाने खिडकीबाहेर बघितलं.

"मामा?"

"माथ्यांची रुंदी खरी आहे. एकेक टेप लावून घेतलीय."

"आणि झाडं?"

"पहिल्या जागेत तुझी अकरा होती. माझी सतरा भरली." तो गुडघा चोळत बोलत होता. "वरच्या थरातली सतरा, दोनदा मोजली. साहेब टपूनच बसला होता, टायपिस्ट काय फोटो वाचणार म्हणून. मी सतरा लिहिली असती तर आठवड्याभरात तू परत टाइपरायटरवर. मी बारा लिहिली."

"दुसऱ्या जागेत?"

"तिथेही थोडं इकडे तिकडे."

"अशा किती जागांत?"

"ते नाही मोजलं," मोजणीदार म्हणाला.

मोजलेले खरे आकडे कुठे लिहून ठेवले आहेत का, हेही तिने विचारलं. नव्हते. तो बारा लिहायचा आणि सतरा विसरायचा. म्हणजे चार वर्षं ती ज्या डोळ्यांची वाहवा ऐकत होती, ते डोळे कसे आहेत हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. मामालाही नाही. ती चोर पकडायला आली होती आणि चोरीचा माल तिच्याच घरात निघाला होता.

"साहेबांना सांगणार असशील," मामा म्हणाला.

"उद्या."

"सांग. पण एकोणतीसपासूनचं सांग. बारा जागा पुन्हा मोजून घेतील. निवृत्तीला माझे सात महिने राहिलेत, माझं काय करायचं ते करतील. अठ्ठावीसचं तुला ठाऊक, मला ठाऊक आणि हिला. तुझा तक्ता राहतो."

"मला काही ठाऊक नाही," मामी चटकन म्हणाली. "मी आत होते."

आणि कप घेऊन खरंच आत गेली.

रस्त्याने परत जाताना ते वाक्य तिच्या पायात येत राहिलं. तुझा तक्ता राहतो. खोटं बोलायचंही नव्हतं, फक्त एका आकड्यापाशी थांबायचं होतं. आणि मामा हे तिच्यासाठी म्हणाला की स्वतःसाठी? बारा जागांना आळस म्हणता येतं, चाळीस जागांना लबाडी म्हणतात. हा विचार आला आणि तिला स्वतःचीच शरम वाटली, पण गेला मात्र नाही.

सोमवारी सकाळी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटून घेतलं आणि तिच्यापुढे नेमका मामाचाच तोडगा ठेवला.

"बारा जागांचं ठीक आहे. ते कागदांवरूनच दिसतं. पण पहिल्या अठ्ठावीसचा पुरावा काय? म्हाताऱ्याचं तोंडी बोलणं. उद्या तो नाही म्हणेल. बाई, उगाच कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय?"

"सर, पहिल्या जागेत सतरा असतील आणि आपण अकरा धरत असू, तर तक्ता सगळीकडे लाकूड कमी दाखवणार. जिथे भरपूर जंगल आहे ते विरळ म्हणून तोडायला निघेल."

"असतील तर. सगळं तुमच्या ऐकण्यावर चाललंय."

"म्हणूनच पुन्हा मोजायचं. चाळीसही. दुसऱ्या माणसाने, माझे आकडे न बघता."

"आणि तुम्ही चुकीच्या निघालात तर?"

"तर निघेन," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता तितका ठाम आला नाही.

तक्ता थांबला. मामाची चौकशी लागली आणि ती संपेपर्यंत त्याला भांडारात बसवलं, टेप आणि तंबू मोजून द्यायला. जिन्यात समोरासमोर आले तेव्हा तो बाजूला होऊन म्हणाला, "या मॅडम." मिशीत हसला नाही. नकाशेवालीने दोन दिवस एकही विनोद केला नाही, तिसऱ्या दिवशी विचारलं, "तुला पहिल्यांदा कधी कळलं?" आणि त्या प्रश्नाचा रोख फोटोवालीला बरोबर समजला. आता संशय तिच्यावरही होता.

दुसऱ्या विभागातून नवा मोजणीदार आला. किडकिडीत, तापट, कमी बोलणारा. तिने त्याला भोक पाडलेले फोटो दिले आणि स्वतःच्या आकड्यांची पाकिटं लाखेने बंद करून साहेबांच्या कपाटात ठेवली. पहिला कागद आला. तिची अकरा, त्याची सोळा. म्हणजे मामा खरं बोलला होता, निदान जवळजवळ. दुसरा आला. तिची नऊ, त्याची तेरा. तिने दोन्ही फरक वहीत लिहिले. निदान काय चुकतं ते दिसायला लागलं होतं.

तिसरा कागद आला. तिची बारा, त्याची बारा.

"बघा!" साहेब म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? डोळा आहे तुमचा."

तिने कागद उचलून उजेडात धरला, मग नाकाशी नेला. बुरशीचा वास होता. पण कागद काय, घरी मोरीतही ओला करता येतो. तिने फोन लावला.

"तीन नंबरच्या जागेत तुम्ही स्वतः गेला होतात?"

"बाई, माझ्या पोटऱ्यांवर जळवांच्या नऊ खुणा आहेत. येऊन दाखवू का?"

त्याला वाटलं असावं, ती ओशाळेल.

"या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, तोंड फुगवून, आणि तिच्या टेबलाशी उभा राहून त्याने विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले. नकाशेवालीने मान दुसरीकडे वळवली. फोटोवालीने खुणा मोजल्या. नऊ होत्या. मग तिने त्याला खुर्ची दिली, स्टिरिओस्कोपखाली जोडी लावली आणि पेन्सिल हातात दिली.

"तुमची बारा दाखवा."

त्याने भिंगांना डोळे लावले आणि भराभर टोक टेकवत गेला. ती आपल्या पारदर्शक कागदाशी ताडून बघत होती. पाच जुळली. सहाव्यापाशी तिने त्याला थांबवलं. "इथे दोन आहेत."

"एकच आहे. बुंधा एक, वर जाऊन फाटलाय."

"मला दोन माथे दिसतात."

"माथे दोनच. झाड एक."

पुढची पुन्हा जुळली. शेवटी त्याने पेन्सिल एका काळ्या ठिपक्यावर टेकवली.

"इथे तर फट आहे," ती म्हणाली.

"फट नाही. गडद पानांचं झाड आहे. खाली उभं राहिलं की हात दिसत नाही इतकी दाट सावली."

तिने भिंगांतून पुन्हा बघितलं. बराच वेळ. मग त्या काळोखातून, अगदी सावकाश, एक माथा वर आला. बारा म्हणजे बाराच, पण तिची बारा वेगळी होती आणि त्याची बारा वेगळी. एक झाड तिने जास्त धरलं होतं, एक सोडलं होतं, आणि दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. तिने वहीत दोन्ही लिहिल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तिला जरा मोकळं वाटलं.

"त्या फाटलेल्या झाडाला पाठ टेकून डबा खाल्ला मी," तो विजारीचे पाय खाली सोडत, थोडा निवळून म्हणाला.

तिने पेन्सिलीला टोक काढलं.

"कुठल्या बाजूला टेकून?" तिने विचारलं.